पॅसेजमधली धुराडी

परत तेच. साडेसात वाजले की आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये मैफल जमते. चार बाप्ये, बिड्या-सिगारेटी, आणि सगळा धूर आमच्या घरात. आईला दमा आहे. ती आत पंप तोंडाला लावून बसते आणि बाहेर हे सरकार पाडतायत.

एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, बिल्डिंग आहे हो ही. 269 फुटांची खोली, खिडकीतून हात काढला तर समोरच्या बिल्डिंगला लागेल. वाराच येत नाही, धूर जाणार कुठे? झोपडपट्टीत होतो तेव्हा निदान गल्लीवर आभाळ तरी होतं. इथे तिसऱ्या मजल्यावर कुणी पेटवली की डक्टमधून पाचव्याच्या बाथरूमात वास.

कायदे काय कमी आहेत? 2003 पासून कायदा आहे, सार्वजनिक जागी ओढली तर 200 रुपयांपर्यंत दंड. 2020 मध्ये राज्य सरकारने सुट्टी सिगारेट-बिडी विकायलाच बंदी घातली. कारण पाकिटाच्या 85 टक्के जागेवर तो भयानक फोटो आणि इशारा असतो, आणि सुट्टी घेणाऱ्याला तो दिसतच नाही. बरोबरच होतं. आता या आमच्या टपरीवर! लायटर सुतळीला टांगलेला, "एक दे" म्हटलं की एक हातात. समोर पालिकेची शाळा. शाळेपासून शंभर यार्डात विकायचं नाही म्हणे. इथे रस्ता ओलांडला की झालं.

वर ज्ञान काय, तर "बिडी साधी असते, पानाची." अरे, त्या पानाच्या आत तंबाखूच आहे ना? फिल्टर नाही, सारखी विझते म्हणून उलट जोरात ओढता.

"गरिबाला तेवढाच विरंगुळा." हे तर डोक्यातच जातं. बारा तास वॉचमनकी करून माणूस पिचतो, कळतं मला. मीही दिवसभर पॅकिंगला उभी असते, म्हणून कुणाच्या दारात धूर नाही सोडत. अठरा रुपयांची एक सिगारेट धरली तर दिवसाला पाचाचे 90, महिन्याला 2700. आणि मेंटेनन्स मागायला गेलं की धंदा बसलेला. बायकोने भिशीला पाचशे मागितले की घरात महाभारत. (टॉवरवाल्यांनी लगेच माना डोलवू नका. तुम्हीही बाल्कनीतून थोटकं आमच्याच पत्र्यांवर टाकत होतात.)

शेवटी सेक्रेटरीकडे गेले. म्हणतो कसा, "ताई, त्रास होतो तर दार लावून घ्या ना."

मे महिना. आत पाच माणसं, गॅसवर भाकऱ्या, एकुलती एक खिडकी तीही समोरच्या बिल्डिंगला चिकटलेली. आणि दार मी लावून घेऊ? या चौघांना गच्चीवर पाठव की! चावी तुझ्याच खिशात असते.