आत्याच्या गोळ्या आणि स्पर्मिडीनचा मेसेज

शनिवारी वडगावला आत्याकडे गेलो. खिडकीत तीन ताटल्यांत गव्हाची हिरवी पाती तरारलेली आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं पाकीट आठ दिवस जसंच्या तसं. "गोळी कशाला रे आता? पेशीच नव्या व्हायल्यात," म्हणाली आणि मोबाईल पुढे केला. त्यावर मेसेज: गव्हांकुरात स्पर्मिडीन नावाचं रसायन असतं, त्यानं एकवीस दिवसांत म्हातारपण थांबतं, मधुमेह जातो, कॅन्सर मरतो. भावकीच्या ग्रुपवर हेच तीनदा येऊन गेलंय.

आधी त्या ताटल्या. स्पर्मिडीनच्या चाचणीत संशोधकांनी वापरला तो गव्हाच्या दाण्यातला कोंब, मैदा काढताना गिरणीत बाजूला पडतो तो. कुणीतरी त्याचं 'गव्हांकुर' केलं आणि आत्या पात्यांचा रस प्यायला लागली!

स्पर्मिडीन थोतांड नाही, एवढं कबूल करावं लागतं. आपल्या पेशी ते स्वतःच बनवतात. ते डीएनए-आरएनएला चिकटून राहतं, प्रथिनं तयार व्हायला लागतं, आणि पेशीतला मोडका माल मोडून पुन्हा वापरायच्या कामाला, म्हणजे ऑटोफॅजीला, जोर देतं. यीस्ट, माश्या, उंदीर यांचं आयुष्य त्यानं वाढलेलंही दिसलंय. सोयाबीन, मटार, अळंबी यांतही ते असतंच; त्यासाठी ताटल्या मांडायला नकोत.

पण माणसाचं काय? जर्मनीत साठी उलटलेल्या, विसरायला होतंय म्हणणाऱ्या १०० जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना वर्षभर त्याच कोंबाचा अर्क, रोज ०.९ मिलिग्रॅम स्पर्मिडीन. बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. २०२२ मध्ये निकाल आला: स्मरणशक्तीत दोन्हीकडे फरक नाही. वर्षभरात नाही, आणि इथे एकवीस दिवस!

डोकं फिरलं ते कॅन्सरच्या ओळीवर. भराभर वाढणाऱ्या पेशींना स्पर्मिडीन आणि त्याच्या जातीची रसायनं, म्हणजे पॉलिअमाइनं, जास्तच लागतात, गाठीतल्या पेशींनाही. म्हणून तर एफ्लॉर्निथिन हे औषध शरीरातली त्यांची निर्मितीच अडवतं. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरसाठी अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. डॉक्टर जे कमी करायला बघतात, ते मेसेज वाढवायला सांगतो. सोयाबीन खाऊन कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही, उगाच तेवढंच उचलून पुढे पाठवू नका.

मधुमेहाचं उत्तर आत्याच्या बोटानं दिलं. रविवारी उपाशीपोटी यंत्रावर २८६. गप्प बसली, मग डॉक्टरांना फोन लावून गोळी सुरू केली. ताटल्या मात्र फेकू देईना. शेजारच्यांच्या म्हशीला घालते म्हणाली.