लेहमधील एकसष्टीच्या जेवणाविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांच्या एकसष्टीसाठी लेहमध्ये 14 जणांचे जेवण आपण आमच्याकडे सांगितले होते. ठरलेली पुरणपोळी आणि कटाची आमटी न विचारता बदलली, भात आतून टणक होता, जेवण 50 मिनिटे उशिरा आले, फोन लागला नाही आणि तिखट-तेल कमी घालून आम्ही खर्च वाचवला, असे आपण लिहिले आहे. यांतील शेवटची गोष्ट सोडून बाकी सर्व खरे आहे, आणि त्याबद्दल मी आपली व विशेषतः आपल्या वडिलांची मनापासून क्षमा मागते.

झाले ते असे. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी साधारण 88 अंश सेल्सिअसलाच उकळते. उघड्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ पुरणाला हवी तशी मऊ होत नाही, आणि कुकरमध्येही पुण्या-नाशिकपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. ती रात्रभर भिजवायला हवी होती. मी पहाटे भिजवली. सकाळी दोनपैकी एका कुकरची रिंग गेली, उरलेल्या कुकरमध्ये डाळ अडकून राहिली आणि भात पातेल्यात करावा लागला, म्हणून तो आतून टणक राहिला. दहा वाजता डाळ दाबून पाहिली तेव्हा तिच्यात कणी होती. अशा पुरणाची पोळी लाटताना फाटते. शिवाय डाळ नीट शिजल्याशिवाय कट निघत नाही, त्यामुळे कटाची आमटीही गेली. मी घाईने जर्दाळू घालून शिरा आणि तुरीच्या डाळीची साधी आमटी केली.

परंतु उंचीचे कारण मी पुढे करू शकत नाही, कारण ती मला ठाऊक होती आणि इथे मराठी जेवण करून देते असे सांगूनच मी आपल्याकडून आगाऊ रक्कम घेतली होती. दहा वाजता मी आपल्याला विचारायला हवे होते. पुरणासाठी दोन तास थांबायचे, की शिऱ्यावर भागवायचे, की पुरणपोळी संध्याकाळी घ्यायची, हा निर्णय घरच्यांचा होता. तो मी परस्पर घेतला, आणि हीच माझी सर्वांत मोठी चूक मी मानते. आपला महाराष्ट्रातील प्रीपेड क्रमांक इथे चालत नसला तरी अतिथिगृहाचा क्रमांक माझ्याकडे होता, आणि आमचा माणूस चालत दहा मिनिटांत तिथे पोहोचला असता.

औक्षण झाल्यावर लगेच पंगत बसवायची म्हणून आपण ताटांची वाट पाहत औक्षण थांबवले, आणि दुपारच्या वाऱ्यात अंगणातले 61 दिवे एकसारखे विझत राहिले, हे आपल्या अभिप्रायातले वाक्य मी अनेकदा वाचले. इथे दुपारी वारा उठतो, हे मी आपल्याला आधी सांगून औक्षण सकाळी किंवा घरात करायला सुचवायला हवे होते. त्या क्षणाची भरपाई मला करता येणार नाही.

तिखट आणि तेल कमी ठेवले ते मात्र जाणूनबुजून. आपण आदल्या दिवशी सकाळी विमानाने उतरला होतात, आणि इतक्या उंचीवर पहिले दोन दिवस विश्रांती व हलका आहार घ्यावा असे डॉक्टर सांगतात. म्हणूनच समारंभ तिसऱ्या दिवशी ठेवावा असे मी सुचवले होते. तारीख वाढदिवसाचीच हवी हा आपला आग्रह मला पूर्ण मान्य होता. पंगतीत साठीच्या पुढची चार माणसे असताना तळणाचे पदार्थ मी आजही वाढवणार नाही. पण हेही ठरवतानाच स्पष्ट सांगितले असते, तर आपल्याला ती काटकसर वाटली नसती.

ताटाला 950 रुपये ठरले होते. त्यातील पुरणपोळी, आमटी आणि भात यांचे मिळून प्रत्येकी 400 रुपये, म्हणजे 5,600 रुपये, मी आपल्या खात्यावर परत पाठवले आहेत. आता पुरणाची डाळ आदल्या रात्री शिजवून ठेवली जाते, तिसरा कुकर आणि जादा रिंगा आणल्या आहेत, आणि पदार्थ बदलण्याची वेळ आली तर यजमानांच्या होकाराशिवाय चुलीवर काही चढत नाही. रक्कम पोहोचली नसल्यास कृपया कळवावे.