शिशाची भट्टी, नातवंडे आणि आपली तक्रार

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानाला एक तारा देताना आपण चार तक्रारी लिहिल्या आहेत. घरी शिशाच्या गोळ्या ओतून काडतुसे भरायला शिकवणाऱ्या आमच्या वर्गात आपल्या नऊ आणि बारा वर्षांच्या नातवंडांना बसू दिले नाही. आमच्याकडच्या साहित्याने तयार केलेल्या गोळ्यांनी आपल्या थर्टी-थर्टी रायफलीच्या नळीत शिसे धरले. काडतूस स्वस्त पडेल असे ऐकून आपण सामान घेतले, तर खर्चच वाढला. आणि भारतातून आलेल्या आपल्या व्याह्यांना आम्ही वर्गातून परत पाठवले. टेक्सासमधल्या या दुकानाला मराठीतून अभिप्राय क्वचितच येतो. आपण मराठीत लिहिलेत म्हणून उत्तरही मराठीतच देतो, म्हणजे असाच विचार करणाऱ्या इतर आजी-आजोबांनाही ते वाचता येईल.

नळीच्या बाबतीत चूक आमची आहे, ती आधी मान्य करतो. कारखान्यात तयार होणारी, तांब्याचे आवरण असलेली थर्टी-थर्टीची गोळी ०.३०८ इंच व्यासाची असते, आणि तेच माप डोक्यात ठेवून आमच्या सहकाऱ्याने आपल्याला ०.३०८ चा साइझिंग डाय, म्हणजे ओतलेली गोळी दाबून नेमक्या व्यासाची करणारे अवजार, दिला. ओतलेल्या गोळीला हे माप चालत नाही. ती नळीतल्या खाचांच्या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाड असावी लागते. तशी नसली तर तप्त वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, जाताना शिसे झिजवतो आणि ते शिसे नळीच्या आतून लेपासारखे चिकटून बसते. जुन्या रायफलींच्या नळ्या एकसारख्या नसतात, म्हणून डाय देण्यापूर्वी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकत पार करून त्याचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा, असा आमचा नियम आहे, आणि त्या दिवशी तो पाळला गेला नाही. आपली रायफल मात्र बिघडलेली नाही. धरलेले शिसे घासून पूर्ण निघते आणि ते काम आम्ही विनामूल्य करून देऊ. मोजून येईल त्या मापाचा डायही बदलून देऊ. बहुधा तो ०.३१० चा निघेल.

नातवंडांना वर्गात न घेण्याचा निर्णय मात्र बदलणार नाही. आपल्याला तो मानभावीपणा वाटला, कारण आपण त्यांना आपल्या देखरेखीखाली रायफल चालवायला शिकवता आणि आम्ही त्याचे कौतुकही करतो. पण रायफल चालवणे आणि शिशाच्या भट्टीपाशी उभे राहणे या दोन गोष्टींतला धोका सारखा नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतकाम त्याहूनही बरेच तापवून करावे लागते. वितळलेल्या शिशावर पाण्याचा थेंब पडला तर तो बहुतेक वेळा वरच्या वर उडून जातो. पण ओला तुकडा किंवा ओला डाव आत बुडाला, की त्याच पाण्याची क्षणात वाफ होते आणि भट्टीतले शिसे अंगावर उसळते. मोठ्या माणसालासुद्धा त्या वेळी मागे सरायला अवधी मिळत नाही.

भाजण्यापेक्षाही मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या शिशाची. वरची मळी काढताना उडणारी भुकटी हातांवर, कपड्यांवर आणि टेबलावर बसते आणि तिथून पोटात जाते. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसे शोषून घेते आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. मुलांच्या रक्तातल्या शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण आजवर सापडलेले नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये लक्ष देण्याजोगी पातळी दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमवरून ३.५ वर आणली, ती याच काळजीपोटी. म्हणून अठरा वर्षांखालील कोणालाही आम्ही भट्टीजवळ येऊ देत नाही, आणि घरीही आपण गॅरेजमध्ये ओतकाम केल्यावर कपडे बदलून, हात साबणाने धुऊनच मुलांना जवळ घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलांना या छंदात जागा नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. पाण्यात धुऊन वाळवलेल्या पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी आवरणे, निवडणे, तोंडाशी चीर गेली आहे का पाहणे, कॅलिपरने लांबी मोजून वहीत लिहिणे, ही कामे बारा वर्षांची मुलगी माझ्यापेक्षाही चिकाटीने करते, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे. कोरड्या यंत्रात घासलेल्या पुंगळ्या मात्र त्यांच्या हाती देऊ नयेत, कारण त्या भुकटीत प्रायमरमधले, म्हणजे आघाताने पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोपीतले, शिसे असते. पावडर भरण्याचे काम आपण एकट्याने, दार लावून करावे. ओतलेल्या गोळीसाठी पावडर थोडी लागते आणि थर्टी-थर्टीची पुंगळी मोठी असते, त्यामुळे नातवाशी बोलता बोलता तीच पुंगळी दुसऱ्यांदा भरली गेली तरी पावडर बाहेर सांडत नाही आणि चूक लक्षात येत नाही. पुढे ते काडतूस रायफल फोडू शकते.

खर्चाचा हिशेब आम्ही आपल्याला आधीच कागदावर मांडून द्यायला हवा होता. आमच्याकडे वीस काडतुसांची तयार पेटी ३० डॉलरला आहे, म्हणजे एक काडतूस दीड डॉलरला. पुंगळी पुन्हा वापरली आणि गोळी स्वतः ओतली, तर प्रायमर, पावडर आणि शिसे धरून ते साधारण ४० सेंटला पडते. एक पौंड म्हणजे ७००० ग्रेन; १७० ग्रेनच्या गोळ्या एका पौंड शिशातून ४१ निघतात. दर काडतुसामागे १ डॉलर १० सेंट वाचतात, पण आपण सामानावर ४४० डॉलर खर्च केलेत, म्हणून पहिली ४०० काडतुसे भरून होईपर्यंत बचत दिसणारच नाही. आपण आतापर्यंत साठ भरली आहेत.

हेतू नातवंडांसोबत स्वस्तात नेमबाजी करण्याचा असेल, तर मी आपल्याला पॉइंट टू-टू रायफल सुचवली असती आणि तेव्हा ती सुचवली नाही याची खंत आहे. तिच्या काडतुसात प्रायमरचे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे ते घरी पुन्हा भरण्यासारखे नसते. पण तयार काडतूसच दहा सेंटच्या आसपास मिळते, धक्का जवळजवळ जाणवत नाही आणि नऊ वर्षांचे मूल आवाजाला घाबरून डोळे मिटत नाही. आपली थर्टी-थर्टी आपल्यासाठी आणि पुढे नातवंडे मोठी झाल्यावर त्यांच्यासाठी राहू द्यावी.

आपले व्याही पाहुणे म्हणून व्हिसावर आले आहेत. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर अशा पाहुण्यांना बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास येथील केंद्रीय कायद्याची मनाई आहे. हे त्यांना सर्वांसमोर सांगण्याऐवजी बाजूला घेऊन सांगायला हवे होते, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो. त्यांनी साचा गावी नेण्याविषयी विचारले होते, म्हणून हेही लिहितो की भारतात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. तेव्हा साचा त्यांनी नेऊ नये.

आम्हीच काडतुसे भरून विकावीत, असेही आपण शेवटी सुचवले आहे. विक्रीसाठी काडतुसे तयार करण्यास वेगळा केंद्रीय परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नाही.

येत्या शनिवारी सकाळी आपण रिकामी रायफल आणि उरलेल्या गोळ्या घेऊन यावे. नळी आपल्यासमोर मोजू, साफ करू आणि योग्य डाय हाती देऊ. मुलांनाही अवश्य आणावे. त्यांच्यासाठी धुतलेल्या पुंगळ्या आणि कॅलिपर दुसऱ्या खोलीतल्या टेबलावर काढून ठेवतो.

आपला,
दुकानाचा चालक