क्रिएटिनिन नॉर्मल आहे, पण कुणाचं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर, आत्याकडून, आणि चौथ्यांदा चक्क कागदावर. एका काकूंनी तो नातवाकडून प्रिंट करून आणला आणि स्वतःच्या रिपोर्टसोबत काउंटरवर ठेवला. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टांवर सह्या करणं हे माझं काम, त्यामुळे उत्तर द्यायची पाळीही माझ्यावरच आली.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन ही रक्ताची तपासणी करावी, ते १.३ च्या आत असेल तर किडनी ठणठणीत. लघवीची वेगळी तपासणी म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा. युरिया किंवा युरिक ॲसिड वाढलं की किडनी जायला लागली समजा. बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं तर ती गोळीच किडनी खातेय, लगेच बंद करा. आणि शेवटी उपाय: रोज धन्याचं पाणी आणि एक शहाळं, पंधरा दिवसांत आकडा खाली.

धंद्याचा आरोप ज्याच्यावर आहे तोच उत्तर देतोय, ही नोंद वाचकांनी आधीच करून ठेवावी.

आधी १.३ चं बघू. क्रिएटिनिन स्नायूंमधून रोज साधारण सारख्या प्रमाणात तयार होतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. रक्तात किती साचलं यावरून गाळण कसं चाललंय याचा अंदाज बांधायचा. म्हणजे हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: किती तयार झालं आणि किती बाहेर गेलं. मेसेज लिहिणारा पहिली गोष्ट साफ विसरलाय. ज्याच्या अंगात स्नायूच कमी, त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होणार.

काकूंचंच उदाहरण घ्या (त्यांना विचारूनच लिहितोय). वय ७०, अंगाने बारीक, बीपी पंधरा वर्षांपासून. क्रिएटिनिन १.१. मेसेजच्या हिशेबात पास. आता हाच १.१ पंचवीस वर्षांच्या मुलाचा असता तर? वय आणि लिंग धरून गाळण्याचा वेग काढायचं सूत्र आहे, त्या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्या मुलाचा ईजीएफआर साधारण ९५ येतो आणि काकूंचा ५४. तीन महिन्यांहून जास्त काळ तो ६० च्या खाली राहिला, तर त्याला किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणतात. आकडा तोच, माणसं दोन, आणि एकीला डॉक्टरांकडे जायची गरज. बऱ्याच रिपोर्टांत ईजीएफआर क्रिएटिनिनच्या खालच्याच ओळीत छापलेला असतो, पण तो ठळक अक्षरांत नसतो म्हणून कुणी वाचत नाही. यात आम्हा लॅबवाल्यांचाही दोष आहे. बाईला आणि पुरुषाला, विशीतल्याला आणि सत्तरीतल्याला एकच नॉर्मलची पट्टी लावून आम्ही मोकळे होतो.

दुसरी अडचण याहून मोठी. प्रत्येक किडनीत सरासरी नऊ-दहा लाख बारीक गाळण्या असतात. काही बंद पडल्या की उरलेल्या जास्त काम ओढून घेतात. शिवाय थोडं क्रिएटिनिन गाळण्यांना वळसा घालून नलिकांमधून परस्पर लघवीत जातं, आणि गाळण कमी झालं की हा चोरवाटेचा वाटा वाढतो. किडनी दान करणाऱ्यांकडे बघा. एका दिवसात निम्म्या गाळण्या गेल्या, तरी त्यांचं क्रिएटिनिन पुढे अनेकदा नॉर्मलच्या वरच्या टोकाशी स्थिरावतं. जोडीतला एक बैल गेला तरी दुसरा काही काळ औत ओढतो, आणि बांधावरून बघणाऱ्याला शेत नांगरलेलंच दिसतं. दात्याची उरलेली किडनी निरोगी असते, म्हणून ती वर्षानुवर्षं निभावते. बीपीच्या माणसाच्या दुसऱ्या बैलाच्या मानेवरही तेच जू असतं, दाबाचं.

काकूंसारख्या बारीक अंगाच्या माणसांत सूत्रही फसू शकतं, कारण ते वय बघतं, दंड बघत नाही. तिथे सिस्टॅटिन सी ही रक्तचाचणी कामाला येते. हे प्रथिन स्नायूंतूनच नाही, तर शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींतून येतं. ते महाग पडतं, आणि थायरॉईडचा विकार किंवा स्टेरॉइडची औषधं असतील तर त्यातही गडबड होते. सरसकट सगळ्यांनी करायची ही तपासणी नाही.

आता लघवी. मेसेज सगळ्यात जास्त चुकलाय तो इथे. वाढलेल्या दाबाने गाळणीची जाळी सैल पडते, तेव्हा रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपायला लागतं, आणि हे अनेकदा क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी आधी होतं. लंडनमध्ये रिचर्ड ब्राइट या डॉक्टरने १८२७ साली सुजलेल्या रुग्णांची लघवी आणि त्यांच्या बिघडलेल्या किडन्या यांचा संबंध लावला. लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची, प्रथिन असेल तर गोठतं. आज आम्ही युरीन एसीआर करतो: एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन. ३० च्या आत हवं. ‘युरीन रूटीनमध्ये अल्ब्युमिन निल आलंय की’ असं बरेच जण सांगतात, पण रूटीनमधल्या कागदी पट्टीला सुरुवातीची गळती बऱ्याचदा कळतच नाही. उलट ताप, जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचा दणदणीत व्यायाम यानेही एसीआर वाढतो, त्यामुळे एका रिपोर्टवर घाबरायचं नाही, पुन्हा करायचा. सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली. काही बीपीवाल्यांत अल्ब्युमिन न गळताच ईजीएफआर उतरतो, म्हणून रक्त आणि लघवी दोन्ही लागतात.

युरियाचं फार मनावर घेऊ नका. पाणी कमी प्यायलं, प्रथिनं जास्त खाल्ली, पोटात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. रविवारी रात्री मटणावर ताव मारून सोमवारी सकाळी रक्त देणाऱ्यांचं क्रिएटिनिनसुद्धा थोडं चढलेलं असू शकतं. आणि युरिक ॲसिड तर बीपीच्याच काही गोळ्यांनी वाढतं, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन त्यातल्याच. युरिक ॲसिड औषधाने उतरवलं तर किडनीची घसरण थांबते का, हे तपासणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. युरिक ॲसिड उतरलं, घसरण मंदावली नाही.

गोळी बंद करा, हा सल्ला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या जातीच्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन खरंच थोडं वाढू शकतं. कारण सरळ आहे. गाळणीत रक्त आणणारी एक नळी असते आणि नेणारी एक. या गोळ्या नेणारी नळी सैल करतात, गाळणीतला दाब उतरतो, म्हणून गाळणही जरासं कमी होतं. तो उतरलेला दाब हाच गोळीचा फायदा. पहिल्या चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, १.० चं १.२ झालं म्हणून गोळी कचऱ्यात टाकायची नसते. १.० चं १.५ झालं तर लगेच दाखवायचं, कारण किडनीची रक्तवाहिनी अरुंद असू शकते, अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं, किंवा गुडघ्यांसाठी परस्पर आणलेलं डायक्लोफेनॅकसारखं दुखण्यावरचं औषध चालू असू शकतं. (या शेवटच्या कारणाबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. किडनीला खरी खाणारी गोळी तीच असते बऱ्याचदा.) २००१ च्या रेनाल चाचणीत मधुमेहाने किडनी बिघडलेल्या लोकांना लोसार्टन दिलं, तेव्हा किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला. मेसेज जी गोळी फेकायला सांगतोय ती याच जातीची.

धन्याच्या पाण्याशी माझं भांडण नाही, आवडत असेल तर प्या. पंधरा दिवस माणूस जास्त पाणी पितो, मटण टाळतो, आकडा थोडा उतरतो आणि श्रेय धन्यांना जातं. शहाळ्याचं मात्र तसं नाही. त्यात पोटॅशियम भरपूर. वरच्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात आणि थकलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते आधी सांगून होत नाही. म्हणून या गोळ्या सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियमही बघायचं असतं.

काकूंनी लघवीचा नमुना दिला. एसीआर ८६ आला. रिपोर्ट घेऊन त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या, गोळी चालू आहे, तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करायच्या आहेत. प्रिंट केलेला मेसेज काउंटरवरच पडला होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांना पुढची तारीख लिहून दिली.