साखरेची पट्टी आणि मंगळावरचा जीव

मालवणातल्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एकच फॉरवर्ड फिरतोय: 'साखर तपासायच्या पट्टीएवढी चिप मंगळावर दोन मिनिटांत जीव शोधते. १९७६ सालीच सापडलाय, नासाने दडपलं.' सोबतच्या फोटोतले लाल दगड तर मला आपल्या सड्यावरचा जांभाच वाटतात. असो. मी लॅबमध्ये दिवसभर पट्ट्याच हाताळते, म्हणून लिहिते.

आधी 'जीव शोधते' हे घ्या. पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजशी अभिक्रिया करतं, त्यातून निघणारा बारीकसा विद्युतप्रवाह मीटर मोजतो. बस, एवढंच. काही पट्ट्यांवरचं एन्झाइम माल्टोज या दुसऱ्या साखरेलाही फसतं आणि आकडा उगाच चढतो. गेल्या आषाढात एक काका घरच्या मीटरवरचा आकडा बघून घाबरून धावत आले. पट्ट्यांची डबी उघडीच राहिली होती, पावसात सगळ्या दमट झालेल्या. शिरेतलं रक्त घेऊन तपासलं तर साखर ठीक! हे मालवणात. मंगळावर परत रक्त काढायला कोण बसलंय?

तिथल्यासाठी स्पेनच्या शास्त्रज्ञांनी सॉलिड नावाचं उपकरण केलंय. त्याच्या चिपवर प्रतिपिंडांचे, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनांचे, ठिपके असतात; एका चिपवर तर ४५० प्रतिपिंडं होती. चिलीच्या अटाकामा वाळवंटात दोनेक मीटर खोल, खारट मातीत तिने सूक्ष्मजीवांच्या खुणा ओळखल्या. कौतुकच आहे. पण ही प्रतिपिंडं पृथ्वीवरच्या रेणूंवर बेतलेली. तिथल्या जिवाचा साचाच वेगळा असला तर चिप गप्प बसणार. आणि नुसते सेंद्रिय, म्हणजे कार्बनचे, रेणू सापडून भागत नाही: १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते रेणू) होती, जीव नव्हता.

'दोन मिनिटांत'चं काय सांगू! आधी ड्रिल करा, नमुना द्रवात कालवा, मग चिपवर सोडा. आणि ही चिप मंगळावर अजून उतरलेलीच नाही.

राहिलं १९७६. नासाच्या व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीत पोषक द्रव घातला, जीव असला तर तो खाऊन वायू सोडेल म्हणून; आणि वायू निघाला, हे खरं. पण त्याच यानांवरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीचे स्वतःचे म्हणावेत असे सेंद्रिय रेणू सापडले नाहीत. २००८ मध्ये फीनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट हा क्लोरीनयुक्त क्षार सापडला, तेव्हा वायूचं कारण रसायनातही असू शकतं हे आणखी पटलं. दडपलं म्हणाल, तर निकाल तेव्हाच छापून आलेत, आणि तो प्रयोग करणारे गिल्बर्ट लेव्हिन 'जीव सापडला' असं शेवटपर्यंत जाहीर सांगत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंगळावरच्या जेझेरो विवरातल्या एका खडकावरचे ठिपके 'संभाव्य' जीवखूण असल्याचं खुद्द नासानेच जाहीर केलं. फॉरवर्ड करणाऱ्या दादांनी तेवढा 'संभाव्य' हा शब्द परत वाचावा.