चौथ्या सीटवरचा आत्मशोध

पन्नाशीला नणंदेने पुस्तक दिलं. साडी दिली असती तर निदान बदलून आणता आली असती. एलिझाबेथ गिल्बर्टचं ‘ईट प्रे लव्ह’, 2006 सालचं. "वहिनी, बाईने एकदा तरी स्वतःला शोधावं गं," ती म्हणाली. मला त्या आठवड्यात चष्मा सापडत नव्हता.

घरी वाचणं अशक्य, म्हणून पुस्तक लोकलमध्ये नेलं. सीएसएमटीहून कल्याण फास्ट, लेडीज डबा, चौथी सीट. म्हणजे अर्धं बूड बाकावर, अर्धं परमेश्वराच्या भरवशावर.

गोष्ट लेखिकेची स्वतःचीच. सुरुवातीलाच ती बाई रात्री तीन वाजता बाथरूमच्या फरशीवर पडून रडते. मी त्या पानावर दोन दिवस अडकले. दुःखाने नाही, हेव्याने. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत बाथरूमला कडी लावली की दुसऱ्या मिनिटाला बाहेरून हाक, "आत कोण आहे? पाणी जाईल!" रडायचं तर बादली भरता भरता.

मग ती इटलीत चार महिने जेवते. इतकी, की जीन्स मोठ्या मापाची घ्यावी लागते. एव्हाना शेजारची माझ्या खांद्यावरून वाचायला लागली होती. पान उलटायला गेले तर म्हणाली, "थांबा हो, माझं व्हायचंय." समोर मेथी निवडणाऱ्या काकूंनी विचारलं, "हिला एवढी रजा दिली कोणी?"

"प्रकाशकाने पुस्तकाचे पैसे आधीच दिले होते."

"मग ड्यूटीवरच होती म्हण की! टीए-डीएसकट."

माझ्या मनातलं अर्धं अध्यात्म कुर्ल्यालाच उतरलं.

पुढचे चार महिने भारतातल्या आश्रमात. तिथे तिला सेवा मिळते देवळाची लादी घासायची. हे मी मोठ्याने वाचलं आणि डब्यात शांतता पसरली. अमेरिकेहून विमानाने येऊन लादी! आमच्या बाई तीन दिवस आल्या नव्हत्या. आश्रमाचा पत्ता विचारावा असं मनात आलं. पहाटे गुरुगीता म्हणायची, 182 श्लोक, त्याचा तिला भयंकर कंटाळा. काकूंना काही ते पटलं नाही. "आम्ही सात दिवसांत अख्खं गुरुचरित्र संपवतो. कुकरच्या शिट्ट्या मोजत."

मला मात्र इथे ती आवडायला लागली. ध्यानाला बसली की तिचं मन बडबडतं आणि ती मनाशीच भांडत बसते. अगदी माझ्यासारखं! फक्त माझं मन उद्याच्या डब्याला भेंडी की फरसबी यावर भांडतं. अख्खं पुस्तक जपमाळेसारखं 108 तुकड्यांत आहे. दादर ते घाटकोपर एक मणी, असा माझा जप चालायचा.

त्या संध्याकाळी जप जरा जास्तच रंगला. ठाणं सुटलं की उठून दाराकडे सरकायचं, हा बावीस वर्षांचा नियम. मान वर केली तेव्हा डोंबिवलीचा फलाट मागे पळत होता.

कल्याणला उतरले. मी कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. फोनचं चार्जिंगही संपलेलं. फलाटावर वडापाव घेतला आणि कुणालाही अर्धा न देता पुरा खाल्ला. वर चहा. डोंबिवलीच्या तीन गाड्या समोरून गेल्या. मी पाहत बसले. इटली इटली म्हणतात ती हीच असावी.

तेवढ्यात टीसी बाई. "मॅडम, कुठून आलात? कुठे जायचं होतं?"

प्रश्न गहन होता, पण पास डोंबिवलीपर्यंतचाच होता. 250 रुपये दंड, वर भाडं. पावती पुस्तकात खूण म्हणून घातली.

दुसऱ्या दिवशी खांद्यावरून वाचणारी आली. ती रोज ठाण्याला उतरते, त्यामुळे तिचा भाग राहून गेला होता. "काल पुढे काय झालं हो तिचं?"

"तिचं अजून ठरायचंय," मी म्हटलं. "माझं कल्याण झालं."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता जरा सरका."