आईची आई, तिची आई

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. त्याचे काम पाहणाऱ्या माझ्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, मला इकडे इंग्लंडमधील ब्रिस्टलला माहितीचा तक्ता पाठवला. त्यात माझ्या नावापुढे पतीचे नाव, सासरचे आडनाव आणि सध्याचे गाव यांसाठी रकाने होते, पण माझ्या दोन मुलींसाठी रकाना नव्हता. दादाला विचारले, तेव्हा त्याने प्रेमाने समजावले की, मुलीची नोंद सासरच्या नावापर्यंत येते आणि तिथे थांबते, कारण पुढची पिढी दुसऱ्या कुळाची. यावर घरच्या मंडळींत वाद सुरू झाला असून तो अजून मिटलेला नाही. मुलींच्या मुलांना घेतले तर पुस्तक कधी संपणारच नाही, असे एका बाजूचे म्हणणे आहे. ते खोटे नाही, पण त्याने माझे समाधान होत नाही.

याच सुमारास आमच्या भागातील ग्रंथालयाच्या वाचनगटात याआ ग्यासी या घानात जन्मलेल्या अमेरिकन लेखिकेची ‘होमगोइंग’ ही 2016 सालची कादंबरी वाचायला होती. अठराव्या शतकातील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचे घाना. मामे या एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या एफिया आणि एसी या दोघी परस्परांना कधी भेटत नाहीत. एफिया केप कोस्टच्या किल्ल्यावरील इंग्रज अधिकाऱ्याची बायको म्हणून वरच्या दालनात राहते आणि त्याच किल्ल्याच्या तळघरात एसी गुलाम म्हणून कोंडलेली असते. तिथून दोन वंश निघतात, एक घानात आणि दुसरा अमेरिकेत, आणि कादंबरी सात पिढ्यांपर्यंत त्यांच्यामागे जाते. मामेने दोन्ही मुलींसाठी एकेक काळा दगड ठेवलेला असतो. एफियाचा दगड पिढ्यान्‌पिढ्या हातोहात जातो, तर एसीचा तळघराच्या चिखलात पुरलेला राहतो. एका वंशाला स्वतःची गोष्ट ठाऊक असणे आणि दुसऱ्याला नसणे, हा भेद लेखिकेने एवढ्या एका वस्तूने दाखवला आहे. पुढील पिढ्यांत नायक पुरुषही आहेत, परंतु मूळ एका आईपाशी आहे, आणि ज्या अकान समाजाची ही कथा आहे त्यात कुळ आईकडूनच मोजले जाते.

ब्रिस्टलमध्ये हे वाचताना पुस्तक आणि गाव वेगळे राहत नाहीत. गुलामांच्या व्यापारावर या बंदराची भरभराट झाली. इथे बंदरातल्या पाण्यावर 1999 साली बांधलेला एक पादचारी पूल आहे, त्याला पेरो या माणसाचे नाव दिले आहे. नेव्हिस बेटावरील ऊसमळ्याच्या मालकाने त्याला लहानपणीच विकत घेतले आणि पुढे चाकर म्हणून इथे आणले. त्याच्याबरोबर त्याच्या दोन बहिणीही विकत घेतल्या गेल्या होत्या, पण त्या पुलावरून जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

इकडे सगळे सुधारलेले आहे असे मी मुळीच म्हणत नाही. इंग्लंड आणि वेल्समधील विवाहनोंदणीत 1837 पासून वधूवरांच्या वडिलांचेच नाव आणि व्यवसाय लिहिला जात होता, आईचे नाव यायला 2021 साल उजाडले. ब्रिटिशांच्या ताब्यातील जमैकाच्या गुलामांच्या नोंदवह्यांत मात्र बाळाच्या नावापुढे आईचे नाव आढळते, कारण मूल कोणाच्या मालकीचे हे आईवरून ठरे. ज्या राज्याने आईचे नाव दास्यासाठी काटेकोर जपले, त्यालाच ते लग्नाच्या कागदावर पावणेदोनशेहून अधिक वर्षे नको होते. महाराष्ट्राने 2024 साली याबाबत निर्णय घेतला आणि 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा केला. मला त्याचा मनापासून आनंद आहे. परंतु विवाहित स्त्रीच्या नावात पतीचे नाव लावण्याची जुनी पद्धत त्यातही तशीच राहिली.

आता मराठी कादंबरीच्या मुद्द्याकडे येते. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीवर वाद होतात ते थोर पुरुषांच्या चित्रणावरून, आणि त्यांत ‘याला पुरावा काय’ हा प्रश्न हमखास येतो. कादंबरीकाराने कागद पाहावेत, हे मलाही मान्य आहे. पण पेशवाईतील कागदपत्रांत कुणबिणींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासींच्या, खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. बदकर्माचा ठपका ठेवून कित्येक बायकांना सरकारने दासी केले आणि निरनिराळ्या सरकारी खात्यांत कामाला लावले. त्यांचे नाव आणि किंमत कागदावर येते, त्यापलीकडे काही नाही. त्यांच्या मुली, नाती, पणत्या कुठे गेल्या? त्यांच्यापैकी कोणाचे रक्त आज आपल्यापैकी कोणात असेल, हे कोणताही कुलवृत्तांत सांगणार नाही. इथे पुरावा मागणे म्हणजे ज्यांनी नोंद केली नाही त्यांनाच पुन्हा साक्षीदार नेमणे आहे. ग्यासीलाही एसीचे कागद मिळाले नव्हते. तिने किल्ला पाहिला, त्या काळाचा अभ्यास केला आणि जिथे कागद संपतात तिथून कल्पनेने पुढे गेली. शनिवारवाड्यातल्या कुणबिणीपासून आजच्या पुण्यातल्या तिच्या पणतीच्या पणतीपर्यंत जाणारी कादंबरी मराठीत कोणी तरी लिहावी, ही माझी तळमळीची इच्छा आहे.

आईवरून ओळख सांगणे आपल्या मातीला परके आहे, असेही कोणी म्हणू नये. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात सातवाहन राजघराण्यातील राणी गौतमी बलश्री स्वतःची ओळख महाराजाची माता आणि महाराजाची पितामही अशी देते. तिचा मुलगा इतिहासात गौतमीपुत्र आणि नातू वासिष्ठीपुत्र म्हणून ओळखला जातो. सातवाहनांचे राज्य मुलाकडेच जात होते, हे खरे, पण राजाच्या नावात आई होती आणि तिचे कुळ त्यावरून कळत होते.

दादाचा तक्ता मी अजून परत पाठवलेला नाही. आईला फोन करून मी तिच्या आईकडची नावे विचारली. आजीचे लग्नाआधीचे नाव तिने लगेच सांगितले, पणजीचे थोडे आठवून सांगितले, आणि पणजीच्या आईविषयी म्हणाली, “तिला सगळे काकी म्हणत, खरे नाव कोणी घेतलेच नाही गं.” तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी ती नावे खालून वर लिहिली आहेत: माझ्या मुली, मी, आई, आजी, पणजी. त्यांच्यावर ‘काकी’ लिहून पुढे जागा मोकळी ठेवली आहे, आणि हा कागद असाच्या असा छापावा, अशी दादाला विनंती केली आहे.